थकलेल्या आईचं इंग्रजी

सहा आठवड्यांनी मनगटाचं प्लास्टर निघालं आणि फिजिओथेरपीच्या मुलीने तिच्या उजव्या हातात एक लोखंडी मूठ दिली. ‘काकू, जोरात दाबा.’ काटा 11 किलोवर थांबला. डाव्या, धडधाकट हाताने 17 दाखवले. ‘वीकनेस आहे, येईल ताकद हळूहळू,’ मुलगी म्हणाली. इथवर ठीक होतं. पण कागदावर तिने इंग्रजीत लिहिलं, ‘फ्रेल’. काकूंनी चष्मा लावून ते वाचलं आणि तिथल्या तिथे हुज्जत घातली. हात वीक असतो, मान्य; पण हाताला फ्रेल कुणी म्हणत नाही, अख्ख्या माणसाला म्हणतात.

‘सेमच ना, काकू?’

तीस वर्षं मराठीचं इंग्रजी करून पोट भरलेल्या बाईला यापेक्षा मोठा अपमान नाही. (स्वतःविषयी ‘ती’ म्हणून लिहिण्याची एक सोय आहे. लाज वाटून घ्यायला परस्पर एक पात्र मिळतं.)

घरी येऊन तिने वैद्यकातली व्याख्या शोधून वाचली. लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी 2001 मध्ये फ्रेल ठरवायच्या पाच खुणा सांगितल्या: विनाकारण वजन उतरणं, सतत दमल्यासारखं वाटणं, पकड ढिली होणं, चाल मंदावणं, हालचाल कमी होणं. पाचपैकी तीन असतील तर माणूस फ्रेल; एक किंवा दोन असतील तर प्री-फ्रेल, म्हणजे उंबरठ्यावर. तिच्याकडे एकच खूण निघाली. तिने दोनदा मोजलं. त्या यादीत ‘वीकनेस’, म्हणजे ढिली पकड, हा ‘फ्रेल’चा एक पंचमांश हिस्सा आहे, हे बघून तिला मुलीवर विजय मिळवल्यासारखं वाटलं. नंतर आणखी वाचताना कळलं की स्नायूंची झीज ओळखण्यासाठी आशियाई तज्ज्ञांच्या गटाने 2019 मध्ये बायकांच्या पकडीची रेघ 18 किलोवर आखली आहे. म्हणजे तिचा चांगला हातही रेघेच्या खालीच. हे तिने घरात कुणाला सांगितलं नाही.

खरं दुखणं वेगळंच होतं. तिच्यापुढे एका आत्मचरित्राचं शेवटचं प्रकरण अडलं होतं, आणि तेही तीन शब्दांवर: ‘आई आता थकली.’

मराठी वाचकाला यात काही समजावून सांगावं लागत नाही. ‘टायर्ड’ लिहिलं तर इंग्रजी वाचकाला वाटतं, बाई दुपारी जरा पडल्या की उठतील. हीच चूक तिने पहिल्या पुस्तकात केली होती. त्यात एक आजोबा तेरा पानं ‘टायर्ड’ राहून चौदाव्या पानावर वारतात. त्यानंतर तिला ‘फ्रेल’ सापडला आणि ती त्या शब्दाच्या प्रेमात पडली. एका परीक्षणात तिच्या इंग्रजीला ‘हळुवार’ म्हटलं गेलं तेव्हा त्याचं श्रेय तिने मनोमन या शब्दाला दिलं. आता, प्लास्टर निघूनही हात अजून गळ्यात बांधलेला असताना, तिने डाव्या हाताने चार जुन्या पुस्तकांच्या फाइली शोधल्या. फ्रेल: 38 वेळा. हडकुळी सासू फ्रेल, खंगलेला शेतकरी फ्रेल, पिकल्या पानासारखी आत्या फ्रेल. एकजात सगळे काचेच्या कपाटात ठेवल्यासारखे.

शब्दाचं कूळच तसं आहे. फ्रेल आणि फ्रॅजाइल दोन्ही लॅटिन ‘फ्रॅजिलिस’ची मुलं. एक फ्रेंचांच्या तोंडी झिजून आला, दुसरा पुढे थेट पोथीतून उचलला गेला. आपल्याकडे ‘काम’ आणि ‘कर्म’ आहेत तसे. मुळात अर्थ ‘फुटेल असं’. फ्रेल म्हणणारा जपून, जरा लांबून बघत असतो. स्वतःच्या कागदावर तो शब्द येईपर्यंत हे अंतर तिला जाणवलं नव्हतं.

मग फीबल? त्याचं मूळ लॅटिन ‘फ्लेबिलिस’, ज्याच्याकडे पाहून रडू यावं असा. कीव आणि तुच्छता दोन्ही त्यात एकत्र नांदतात. आपला रडतराऊत त्याच घराण्यातला वाटतो. इंग्रजीत सबब फीबल, विनोद फीबल, आवाज फीबल. शिवाय ब्रिटनच्या 1913 च्या कायद्याने ‘फीबल-माइंडेड’ असा माणसांचा एक सरकारी वर्गच करून ठेवला आणि त्यांना संस्थांमध्ये डांबायची वाट मोकळी केली. कुणाच्या आईला त्या शब्दाच्या आसपास फिरकू द्यायचं नाही, हे तिचं ठाम मत.

इन्फर्म कायद्याच्या कागदात शोभतो. आपल्या 1956 च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात, ज्या आईबापांना पोसणं मुलांवर बंधनकारक आहे ते ‘एज्ड ऑर इन्फर्म’ आहेत. तो लिहिला की आई खर्चाचं कलम होते. डेक्रेपिट मोडकळीला आलेल्या चाळीसाठी ठीक. माणसाला लावला की लिहिणाऱ्याचं नाक मुरडलेलं दिसतं.

उरला वीक. साधा, नॉर्स लोकांकडून आलेला, कुणाचीही बाजू न घेणारा. पाणचट चहा वीक, वकिलाची लंगडी बाजू वीक, घसरलेला रुपया वीक. पण आपणच त्याला घरात घेऊन इतकं वापरलंय की तिला तो आता इंग्रजी म्हणून ऐकूच येत नाही. पोरगा गणितात वीक असतो, मिसळ हा कुणाचा वीकनेस असतो, आणि तापातून उठलेल्याला ‘वीकनेस आलाय’. लग्नात भेटलेली मावशी ‘किती वीक झालीस गं’ म्हणते तेव्हा तिला फक्त ‘बारीक’ म्हणायचं असतं.

हे सगळं तिच्या टेबलावरच्या कोशांत नाही का? आहे आणि नाही. रॉजेटच्या 1852 च्या थिसॉरसमध्ये 160 वं सदर ‘वीकनेस’चं. रॉजेट स्वतः डॉक्टर, आणि पुस्तक निघालं तेव्हा 73 वर्षांचा. तरी त्याने शब्द नुसते शेजारी मांडले, फरक सांगितले नाहीत. ती फरक सांगणाऱ्यांची भक्त आहे: 1816 चा जॉर्ज क्रॅब, 1942 चा वेब्स्टरचा समानार्थी कोश. आणि मोल्सवर्थची तर तिला अलीकडे मायाच वाटू लागली आहे. मराठीचा एवढा कोश करणाऱ्या या माणसाला 1836 मध्ये प्रकृतीने हात टेकायला लावले, मायदेशी परतावं लागलं. त्याने आरंभलेला इंग्रजी-मराठी कोश थॉमस कँडीने पुरा केला आणि तो 1847 मध्ये निघाला. तिने गळ्यातल्या झोळीकडे पाहून आपली तुलना मोल्सवर्थशी केली. दोन मिनिटं केली, पण केली.

तिच्या वयाचे एक अनुवादक आहेत. त्यांच्या पुस्तकातल्या सगळ्या म्हाताऱ्या अजून फ्रेल आहेत आणि त्यांना बक्षिसं मिळतात. नवीन मुलं यंत्राकडून एका दमात दहा पर्याय मागवतात आणि त्यातला तिसरा घेतात. तिसराच का, हे विचारलं की गप्प. हे ती चिडून म्हणते. त्यात असूया किती, हे तिचं तिला माहीत आहे.

तिच्याकडे शनिवारी शिकायला येणारी मुलगी मात्र गप्प बसणाऱ्यांतली नाही. ती म्हणाली, ‘मॅडम, हे सगळे शब्द आई कशी आहे ते सांगतात. थकली हे क्रियापद आहे. आईने आधी काहीतरी केलंय, म्हणून थकली.’ गुरूने मान हलवली आणि हे आपल्याला आधीच सुचलं होतं असा चेहरा केला. सुचलं नव्हतं.

त्यानंतर दोन दिवस ‘एफीट’पायी गेले. मूळ लॅटिन अर्थ: पिल्लं जन्माला घालून घालून झिजलेली. सतराव्या शतकात इंग्रजीत वेत थांबलेल्या जनावराला हा शब्द लावत. आत्मचरित्रातल्या आईला सहा मुलं. कष्ट, झीज, सगळं एका शब्दात. आणि आज त्याचा अर्थ काय? नाजूक नखऱ्यांचा, अतिसुसंस्कृत, बिनकामाचा पुरुष. ती मूठ आवळून बसली, म्हणजे जेवढी आवळता आली तेवढी.

शनिवारच्या मुलीने ‘फेलिंग’ सुचवला: मदर इज फेलिंग. अस्सल इंग्रजी आहे, क्रियापदही आहे. पण इथल्या वाचकाला लगेच गुणपत्रिका दिसते. ‘वोर्न आउट’मध्ये झिजणं येतं, तरी झिजलेल्या चपलेलाही तोच शब्द आहे. सध्या फाइलीत तोच आहे, पिवळ्या खुणेसह.

उजवी पकड आता 14 किलो झाली आहे. पुस्तकाची प्रुफं तीन आठवड्यांत येतील. तोवर कुणाला ‘थकली’साठी इंग्रजी शब्द सुचला तर जरूर कळवा. फक्त फ्रेल नको.