डर्टी हॅरी आणि शेजारचं डेस्क

कॉलेजात असताना ‘डर्टी हॅरी’ पहिल्यांदा पाहिला, तेव्हा आख्खी हॉस्टेलची रूम शिट्ट्या मारत होती. १९७१चा, डॉन सीगलचा सिनेमा. सॅन फ्रान्सिस्कोचा इन्स्पेक्टर हॅरी कॅलाहन, हातात .४४ मॅग्नम आणि चेहऱ्यावरची सुरकुतीही न हलवणारा क्लिंट ईस्टवूड. नियमबियम गेले उडत! आम्ही जाम फिदा.

गेल्या शनिवारी पुन्हा पाहिला. या वेळी शिट्टी वाजलीच नाही.

केझार स्टेडियमचा सीन आठवतोय? स्कॉर्पिओ नावाच्या खुन्याने एका मुलीला पळवून जमिनीत पुरलंय. हॅरी वॉरंट नसताना त्याच्या खोलीत घुसतो, तो पळाल्यावर पायात गोळी घालतो आणि त्याच जखमेवर बूट दाबून मुलीचा पत्ता विचारतो. मुलगी सापडते, पण मेलेली. वर सरकारी वकील सांगतो, झडती बेकायदा, त्यामुळे सापडलेली रायफल कोर्टात चालणार नाही. स्कॉर्पिओ सुटतो. त्या वकिलाला आम्ही काय शिव्या घातल्या होत्या!

मधल्या काळात ऑफिसात मीच हॅरी झालो. शेजारच्या डेस्कवरचा कलीग टॅक्सीची खोटी बिलं लावतो, असा मला पक्का संशय. एकदा तो लंचला गेला, पीसी उघडाच. मी त्याचे मेल वाचले, प्रिंट काढले आणि थेट एचआर गाठलं. त्यांचा पहिला प्रश्न, “हे तुम्हाला मिळालं कसं?” मनात म्हटलं, भेटला वकील!

पुढे कळलं, बिलं खरी होती. रात्री उशिरा टॅक्सीने जायला बॉसनेच सांगितलं होतं. आणि त्या मेलमध्ये त्याच्या वडिलांच्या केमोचे रिपोर्ट होते. तेही मी वाचले होते.

खरी मेख इथेच आहे. सिनेमात पहिल्याच सीनला स्कॉर्पिओ गच्चीवरून नेम धरून स्विमिंग पूलमधल्या मुलीला मारतो. खुनी तोच, हे आपण डोळ्यांनी पाहिलेलं असतं. म्हणून हॅरी बरोबर वाटतो. ऑफिसात हा पहिला सीन आपल्याला कुणी दाखवत नाही.

शेवटी हॅरी आपला बिल्ला पाण्यात भिरकावतो. माझ्याकडे फेकायला काहीच नव्हतं. सॉरी म्हणालो. तो म्हणाला, “चालतं रे.”

अजून शेजारीच बसतो. पाणी प्यायला उठला, तरी स्क्रीन लॉक करून जातो.