वाळूवर काय काय झालं?

टायटॅनियम डायऑक्साइड, 95 टक्के. सीओएवर, म्हणजे मालाच्या पृथक्करणाच्या दाखल्यावर, पहिल्याच ओळीत हा आकडा होता. माल रुटाइलची वाळू, दक्षिण आफ्रिकेहून न्हावाशेवा बंदरात येणारा, जंबो बॅगांमध्ये भरलेला. आयातदार वेल्डिंग रॉड बनवणारा. कस्टम ब्रोकरच्या ऑफिसात मी नवीन लागले होते आणि बिल ऑफ एंट्रीच्या, म्हणजे कस्टमला द्यायच्या आयातीच्या जाहीरनाम्याच्या, चेकलिस्टमधला सीटीएचचा, म्हणजे दरपत्रकातल्या वर्गीकरणाच्या आकड्याचा, रकाना मला भरायचा होता. हाताशी रसायनशास्त्राची पदवी होती. पण कस्टमच्या दरपत्रकात टायटॅनियम शोधायला बसले, तर ते एका जागी सापडेना.

2614 खाली टायटॅनियमची खनिजं आणि त्यांची कॉन्सन्ट्रेट. 2620 खाली धातुयुक्त स्लॅग, राख आणि अवशेष. 2823 मध्ये टायटॅनियमची ऑक्साइडं, 3206 मध्ये त्यांच्यापासून केलेली पिगमेंट आणि 8108 मध्ये प्रत्यक्ष धातू. संयुग ओळखायचं ते त्याच्या सूत्रावरून, असं मी शिकले होते. शुद्ध रुटाइल म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडच. मग तो 2823 मध्ये का जाऊ नये? रंगाच्या कारखान्यांत वापरतात ती पांढरी पावडरही बहुतेक वेळा रुटाइल ग्रेडचीच असते. मग 3206 का नको? सूत्र एक आणि घरं तीन-चार, हे मला उलगडेना.

ऑफिसातल्या ज्येष्ठ काकांनी कागद हातात घेतले. म्हणाले, “टक्के नंतर बघ. आधी विचार, या वाळूवर काय काय झालंय?” मी गोंधळलेलीच आहे हे पाहून त्यांनी समजावलं, “साळ, तांदूळ आणि पोहे एकाच दाण्याचे. पण दाण्यावर काय केलं त्यावर त्याचं नाव ठरतं ना?”

मग त्यांनी मला दरपत्रकातल्या चॅप्टर 26 च्या टिपा वाचायला लावल्या. दुसरी टीप सांगते, की 2601 ते 2617 मधलं खनिज म्हणजे धातू काढण्यासाठी धातुउद्योगात प्रत्यक्ष वापरात असलेल्या जातीचं खनिज. मग आणलेला माल धातुउद्योगाबाहेरच्या कामासाठी असला तरी चालेल. पुढे एक अट आहे: धातुउद्योगात एरवी न होणारी प्रक्रिया त्याच्यावर झालेली नसावी. माझी एक मोठी अडचण इथे सुटली. आमचा आयातदार काही रुटाइलमधून धातू काढणार नव्हता. तो रॉडवरच्या फ्लक्सच्या थरात रुटाइल घालतो. त्यानं आर्क स्थिर राहतो आणि जोडावरचा स्लॅग सहज निघतो. म्हणून सीओएवर गंधक आणि फॉस्फरस किती कमी आहे, हे तो काटेकोरपणे बघतो. पण त्याच्या या वापरानं हेडिंग बदलत नाही. रुटाइल खनिजच राहतं.

‘वाळूवर काय काय झालं’ हा प्रश्न मला खरा भिडला तो गावाच्या आठवणीनं. मी रत्नागिरीची. काळबादेवी, मालगुंड भागातल्या किनाऱ्यावर काळसर वाळूचे पट्टे दिसतात. त्यात इल्मेनाइट हे टायटॅनियमचं खनिज असतं. सह्याद्रीचा बेसाल्ट झिजतो, त्यातले जड कण नद्या समुद्राकडे नेतात, लाटा त्यांना किनाऱ्यावर वेगळं करतात. केरळातल्या चवऱ्याच्या वाळूत तर इल्मेनाइट, रुटाइल, झिरकॉन आणि मोनाझाइट एकत्र सापडतात. तिथून पुढे पाण्यानं जड-हलकं वेगळं करायचं, चुंबकानं इल्मेनाइट ओढून घ्यायचं, विजेच्या भारानं रुटाइल आणि झिरकॉन निराळे करायचे. यात खनिजाचं रासायनिक रूप बदलत नाही, फक्त नको ते बाजूला होतं. म्हणून इल्मेनाइट आणि रुटाइल 2614 मध्येच राहतात. झिरकॉन 2615 मध्ये जातो आणि मोनाझाइट थोरियमचं खनिज म्हणून 2612 मध्ये.

आता तेच इल्मेनाइट विजेच्या भट्टीत कार्बनबरोबर वितळवलं, की लोखंड कच्च्या लोखंडाच्या रूपात खाली निघतं आणि वर टायटॅनियमनं समृद्ध स्लॅग उरतो. दक्षिण आफ्रिकेतल्या रिचर्ड्‌स बे इथे असा स्लॅग बनतो. पिगमेंटचे कारखाने त्याला खनिजाच्या जागी वापरतात, पण हेडिंग 2620, कारण आता तो भट्टीतून निघालेला आहे. आणखी पुढे जाऊन आम्लात विरघळवून किंवा क्लोरीनशी प्रक्रिया करून टायटॅनियम डायऑक्साइड नव्यानं घडवला, की तो 2823 मध्ये. त्यावर पिगमेंटसाठी पृष्ठलेप वगैरे संस्कार झाले, की 3206 मध्ये.

सगळ्यात जास्त दमवलं ते कडेच्या मालांनी. सिंथेटिक रुटाइल म्हणजे इल्मेनाइटमधलं लोखंड रासायनिक प्रक्रियेनं काढून उरलेला माल. त्याच्यावर रसायनं झाली, मग तो खनिज कसा? प्रक्रियेचा हेतू नको असलेला भाग काढण्याचा आहे आणि धातुउद्योगाला ती तयारी परकी नाही, हा त्यामागचा विचार. अमेरिकेच्या दरपत्रकात तर सिंथेटिक रुटाइलचं नाव 2614 खालीच छापलेलं आहे. आपल्या आठ अंकी दरपत्रकातही कच्चं इल्मेनाइट 2614 00 10 आणि सुधारित इल्मेनाइट 2614 00 20 अशा वेगळ्या ओळी आहेत. उलट, इल्मेनाइट रंगद्रव्य म्हणून वापरण्याजोगं अगदी बारीक दळलं, तर ते 3206 कडे सरकतं. म्हणजे कणांचा आकारसुद्धा विचारावा लागतो.

हे सगळं आम्हीच का ठरवायचं, असाही प्रश्न मला पडला होता. 2011 पासून आयातीत सेल्फ असेसमेंट आहे; वर्गीकरण आधी आयातदारानं जाहीर करायचं. 2020 पासून फेसलेस असेसमेंट सुरू झालं, त्यामुळे न्हावाशेव्याची बिल ऑफ एंट्री दुसऱ्याच शहरातला अधिकारी उघडू शकतो. त्यानं बॅग पाहिलेली नसते. त्याच्यापुढे असतं ते आम्ही लिहिलेलं वर्णन आणि जोडलेले कागद. नुसतं ‘टायटॅनियम डायऑक्साइड 95 टक्के’ लिहिलं, तर क्वेरी पडणं स्वाभाविक आहे. ‘नैसर्गिक रुटाइल वाळू, गुरुत्व, चुंबकीय आणि स्थिरविद्युत पद्धतीनं वेगळी केलेली’ असं लिहिलं आणि पुरवठादाराचा प्रोसेस फ्लो चार्ट जोडला, तर त्याला निर्णय घेता येतो. तरीही शंका राहिली, तर नमुना प्रयोगशाळेत जातो. आणि माल मागवण्याआधीच खात्री हवी असेल, तर अॅडव्हान्स रुलिंगसाठी अर्ज करता येतो.

म्हणून आता आयातदाराचा फोन आला, की मी टक्क्यांच्या आधी प्रक्रिया विचारते. कुठून काढलं, कशानं वेगळं केलं, भट्टी लागली का, आम्ल लागलं का, किती बारीक दळलं. हा काटेकोरपणा फक्त ड्यूटी आणि दंडासाठी नाही. 2023 मध्ये केंद्र सरकारनं जाहीर केलेल्या 30 महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत टायटॅनियम आहे. देशात खनिज किती येतं, स्लॅग किती, तयार पिगमेंट किती, हे पुढे याच आठ अंकी आकड्यांखालच्या नोंदींची बेरीज करून कळतं. आपण काय खणायचं आणि कसले कारखाने उभे करायचे, याचे निर्णय त्या बेरजेवर होतात. त्यामुळे तो रकाना भरणाऱ्या प्रत्येक नव्या माणसानं पुरवठादाराला हे सगळे प्रश्न विचारायलाच हवेत, कंटेनर कितीही घाईचा असला तरी.