चार्जरची वायर, टेप आणि आमचा बैल

आज भाताविषयी काही नाही. लावणी आटोपली, पाऊस थांबायचं नाव घेत नाही आणि चार दिवस आमच्या घरात एकच विषय आहे, लॅपटॉपचा चार्जर. हसू नका. ज्याच्याकडे पंप आहे त्याने वाचावं असा हा विषय आहे.

मुलगी मुळद्याच्या उद्यानविद्या महाविद्यालयात शिकते. सुट्टीला आली ती प्रोजेक्टचं लिखाण घेऊनच. सोमवारी द्यायचं होतं आणि गुरुवारी चार्जर रुसला. वायर एका कोनात धरली तर चार्जिंग, सोडली की बंद. बघितलं तर लॅपटॉपला लागणाऱ्या पिनेपासून चार बोटांवर वरचं रबर फाटलेलं आणि आतली तांब्याची जाळी बाहेर आलेली. गुराचं दावं कुठे झिजतं? खुंट्याजवळ. इथेही तेच. वायर मधेच कधी फाटत नाही, जिथे वाकते तिथेच फाटते.

फोन करून विचारलं. कंपनीचा नवीन चार्जर २४०० रुपये, तोही आठ दिवसांनी येणार. बाजारात 'चालता' म्हणून एक ६५० ला मिळत होता. मी म्हटलं, कशाला? फडताळातून काळ्या टेपचा रोळ काढला.

घरकारीण चुलीकडून तशीच उठून आली. "ह्या घरात टेप लावूची नाय, सांगलंय तुमका. बैल गेलो तेवढो पुरे झालो."

हे मी आजवर इथे कधी लिहिलं नाही. २००९ साली मिरग कोरडा गेला होता. तरवा वाळू लागला म्हणून व्हाळावर पंप लावून पाणी देत होतो. पंपाची केबल एका जागी तुटलेली, ती मी स्वतः पीळ मारून टेप गुंडाळून जोडली होती. दोन वर्षं चालली, म्हणून मला वाटलं जोड चांगला आहे. मग एका रात्री पाऊस पडला. सकाळी पंप चालू असताना बैल त्या ओल्या गवतातून जायला लागला आणि उभ्याउभ्या कोसळला. त्याच्या मागे दहा पावलांवर ही होती, डोक्यावर टोपली घेऊन. मी ओरडलो, धावत जाऊन मेन स्वीच पाडला. ती तिथेच थांबली म्हणून आज चार्जरवरून माझ्याशी भांडू शकते.

बैल मेला आणि माणूस वाचला तर लोक नशीब म्हणतात. कारण वेगळं आहे. उघड्या जोडातून वीज ओल्या जमिनीत उतरली की जोडाजवळ दाब जास्त असतो आणि लांब जाल तसा कमी होतो. गुराचे पुढचे आणि मागचे पाय चार-पाच फुटांच्या अंतरावर, त्यामुळे दोन्हीकडच्या दाबात फरक मोठा, आणि वीज जाते ती मधल्या छातीतून. माणसाची दोन पावलं जवळ असतात, त्याला कधी नुसत्या मुंग्या येतात. म्हणून गुरू ओल्यात अंग चोरत असेल, पुढे जायला मागत नसेल, तर त्याला काठी मारू नका. आधी स्वीच पाडा.

नंतर मी सबंध केबल बदलली, ईएलसीबी बसवला, अर्थिंग नवीन केलं. ते सगळं बैलाच्या किमतीपेक्षा कमीत झालं, हे लिहायला आजही बरं वाटत नाही.

तर भांडण असं की ती म्हणते जोड तो जोड, मी म्हणतो चार्जरचे दोन भाग वेगळे आहेत. भिंतीपासून काळ्या डबीपर्यंत २३० व्होल्ट, म्हणजे पंपाचीच वीज. डबीपासून लॅपटॉपपर्यंत फक्त १९.५ व्होल्ट, ते डबीवर छापलेलं असतं. आमच्यावर ३.३४ अँपिअर लिहिलंय, दोन्हींचा गुणाकार ६५ वॅट. एवढ्या व्होल्टला कोरड्या हाताला झटका बसत नाही. आणि फाटलंय ते याच बाजूला.

पण टेपच्या बाबतीत ती खरी निघाली. इथे भीती झटक्याची नाही, आगीची आहे. वायरमधल्या बारीक तारांतल्या निम्म्या तुटल्या तरी करंट तेवढाच जायला बघतो. पाट एका जागी अरुंद झाला की पाणी तिथेच मेर फोडतं, तसं तिथेच गरम होतं, आतलं प्लास्टिक मऊ पडतं आणि आतली तार बाहेरच्या जाळीला टेकते. टेप लावून तुम्ही ते फक्त झाकता. आणि मुलं लॅपटॉप चालवतात कुठे? गादीवर, मच्छरदाणीत.

मग वाडीतल्या जुन्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून सोल्डरिंग गन आणली आणि सोबत गरम केल्यावर आवळते ती नळी. प्लग काढून ठेवला, डबीवरचा दिवा पूर्ण विझू दिला आणि वायर फाटलेल्या जागी सरळ कापली. आत बघतो तर तांबं काळं-हिरवं. आमच्या किनाऱ्यावरचा खारा वारा फटीतून आत शिरतो तो असा. काळ्या तांब्यावर सोल्डर धरत नाही, गोळी होऊन पडतं. लाल चकचकीत तांबं लागेपर्यंत दोन्हीकडून मागे कापत गेलो, तीन इंच वायर गेली.

आत एक मधली तार आणि तिच्याभोवती जाळी. मधली मधलीला, जाळी जाळीला, उलट झालं तर लॅपटॉप जाईल. काही कंपन्यांच्या वायरीत तिसरी बारीक तार असते. चार्जर किती वॅटचा ते ती लॅपटॉपला सांगते. ती जोडायची राहिली तर लॅपटॉप चालू होतो पण बॅटरी भरत नाही, आणि माणूस बॅटरीला दोष देतो. आमच्यात ती होती. जोड एकमेकांसमोर न येता मागेपुढे ठेवले, प्रत्येकावर वेगळी नळी, सगळ्यावर एक मोठी. पहिल्या वेळी मोठी नळी आधी ओवायची विसरलो आणि केलेला जोड परत कापावा लागला. मुलगी हसली, ही हसली नाही.

लॅपटॉपला लावायच्या आधी मल्टीमीटर लावला. १९.५ आले. अर्धा तास चालू ठेवून जोड हाताने बघितला, थंड.

हे जमलं कारण वायर डबीपासून लांब फाटली होती. अगदी डबीच्या मानेला फाटली असती तर मी हात लावला नसता. त्यासाठी डबी फोडावी लागते आणि आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही काही वेळ राहू शकतात. तिथे नवीनच घ्यावा. घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. बीआयएसचं चिन्ह आणि खाली आर ने सुरू होणारा नंबर आहे का तेही बघा, सरकारी आदेशाने या अॅडॉप्टरना ती नोंदणी सक्तीची आहे. ६५० वाल्याचा फोटो मागवला, त्यावर तसं काही नव्हतं.

जाता जाता एक. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. सुरुवातीला धरलेल्या वस्तूंत मोबाईल, गाड्या, घरगुती वस्तू आणि शेतीची अवजारं आहेत. पाच रुपयांचा वायसर मिळत नाही म्हणून ज्याचा स्प्रेपंप माळ्यावर पडलाय, त्याने हे लक्षात ठेवावं.

सगळं झाल्यावर हिने भिंतीकडची वायर हातात घेतली आणि मला दाखवली. डबीजवळ उंदराचे दात, आतली निळी तार दिसत होती. मी चार दिवस ती बाजू बघितलीच नव्हती. तिथे जोडबीड काही नाही, ती वायर डबीतून सुटी निघते, तीन पिनची नवीन १५० रुपयांत मिळाली. जुनीचे मी तीन तुकडे केले, नाहीतर कोणीतरी पुन्हा कशाला तरी लावणार. मग भर पावसात छत्री घेऊन व्हाळावर गेलो, पंपाची केबल या टोकापासून त्या टोकापर्यंत बघून आलो.

लिखाण वेळेत गेलं, मुलगी मुळद्याला परत गेली. रोज रात्री फोन येतो. जेवलीस काय, हे विचारायच्या आधी आईचा प्रश्न असतो, "चार्जर गरम होता काय गो?"