हात निवळेपर्यंत

आमचं सोनं डोंगरात नसतं, गटारात असतं. नगरकडच्या काळ्या पाषाणात सोन्याची शीर कुठली? वैनगंगेच्या खोऱ्यातले सोनझारी नदीची वाळू धुतात, आम्ही झारेकरी सराफांच्या दुकानातली धूळ. दिवाळीआधी पेढ्यांची झाडलोट निघते. कानशीतून उडालेला कीस, लाख, केस, लोखंडाचा गंज, सगळं एका पोत्यात. ते जाळायचं, कुटायचं, चाळायचं आणि परातीत घेऊन पाण्याला लावायचं.

सोनं पाण्याच्या 19 पट जड, वाळू जेमतेम अडीच पट. परात फिरवत किंचित कलती केली की वाळू वरून निघून जाते, सोनं तळाशी बसतं. ऐकायला सोपं. पण शेवटी चिमूटभर काळी रेती उरते ना, तिथे खरी परीक्षा. मनगट जरा जास्त झुकलं की दिवसाची कमाई मोरीत.

माझी एकदा गेली. विशीत होतो, पहाटेपासून उकिडवा बसलेलो. वडील दोनदा म्हणाले, "ऊठ, चहा घे." मी म्हटलं, एवढी एक परात. त्या परातीत मला काहीच दिसलं नाही. वडिलांनी मोरीतला गाळ पुन्हा धुतला आणि निघालेले कण मुकाट माझ्यापुढे धरले. तेव्हापासून तीन पराती झाल्या की मी उठतोच. डोळे लांब कुठेतरी टेकवतो, तारेवरच्या पाखरांवर वगैरे. बारीक कण धरायला पारा लावायचा असेल त्या दिवशी तर उठणं चैन नव्हेच. पाऱ्याची वाफ डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, अंगात मात्र मुरते.

पोती संपली की मी राळेगणसिद्धीला, आक्काकडे. वाडेगव्हाणला एसटीतून उतरायचं आणि आत जायचं. 1975 साली अण्णा हजारे लष्करातून गावी परतले, यादवबाबांच्या देवळापासून काम सुरू झालं. पुढे श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, ओढ्यांवर एकाखाली एक बांध. हे सगळ्यांना ठाऊक आहे. मला तिथे वेगळंच दिसतं. उतारावरून पळणारं पाणी बांधाशी आलं की दमानं घेतं, आणि त्यानं आणलेलं जडजड सगळं खाली बसतं. गावानं मोठी परातच मांडलीय म्हणा ना. फरक एवढाच की मी पाणी सांडून देतो आणि यांना पाणीच हवं असतं.

पहिले दोन दिवस माझी बोटं आपोआप हलत राहतात, जेवणाच्या ताटातसुद्धा. आक्का हसते. "इथं तरी हात धुऊन बस की रे!"

एका खेपेला तिसऱ्या दिवशी बांधावर नुसता बसलो होतो. खाली पाणी ओसरलं होतं, काठाला मऊ गाळ. राहवलं नाही. मूठभर घेतला, ओंजळीत पाणी घालून फिरवायला लागलो.

"काय निघालं?" आक्का मागं उभी.

"माती."

"मग सांडू नको," ती म्हणाली, "वांग्याच्या वाफ्यात टाक."