कॉम्प्टनची लाल माती

मैत्रिणींनो, मुलाकडे किंवा लेकीकडे लंडनला जाणं झालं, तर राजवाडा आणि म्युझियमं बघून झाल्यावर एक दिवस कॉम्प्टनसाठी राखून ठेवा. वॉटर्लू स्टेशनवरून गाडीने गिल्डफर्ड गाठायचं. तिथून हे खेडं अगदी जवळ.

गावच्या दफनभूमीत टेकडीवर लाल रंगाचं एक गोल प्रार्थनामंदिर आहे. त्याच्या भिंतींवर देवदूत, पक्षी आणि वेलींची भाजक्या मातीची नक्षी आहे. कुणा नामांकित शिल्पकारांची असेल असं वाटतं ना? पण ती घडवली गावकऱ्यांनी, आणि त्यांना शिकवलं मेरी वॉट्स या बाईंनी.

मेरीबाईंचा जन्म १८४९ साली आपल्या हिंदुस्थानातला. वडील ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होते. पुढे त्या चित्रकला आणि शिल्पकला शिकल्या. १८८६ साली जॉर्ज फ्रेडरिक वॉट्स या नावाजलेल्या चित्रकाराशी त्यांचं लग्न झालं. त्या छत्तीस वर्षांच्या, तर ते एकोणसत्तर! साहजिकच लोकांच्या लेखी त्या झाल्या 'वॉट्ससाहेबांच्या पत्नी'.

१८९५ च्या सुमारास गावाने नव्या दफनभूमीसाठी जागा घेतली. तिथलं मंदिर आपण गावकऱ्यांच्या हातून उभं करू, असं बाईंनी ठरवलं. त्यांच्याच घराच्या आवारात चांगली माती निघाली. मग संध्याकाळी घरीच वर्ग सुरू झाले. दिवसभर आपापली कामं करून लोक यायचे. माती मळायची, नक्षी उठवायची, वाळवायची, भट्टीत भाजायची. सत्तरहून अधिक माणसांचे हात या कामाला लागले. १८९८ साली मंदिर तयार झालं. आतली रंगीत सजावट पुरी व्हायला १९०४ उजाडलं.

एवढ्यावर हे थांबलं नाही. शिकलेले हात रिकामे बसू नयेत म्हणून बाईंनी गावात कुंभारकामाचा छोटा कारखानाच काढला. बागेतल्या कुंड्या, सूर्यघड्याळं असा माल तिथे व्हायचा आणि लंडनच्या लिबर्टीसारख्या बड्या दुकानात विकला जायचा. १९३८ साली बाई गेल्या. कारखाना मात्र १९५० नंतरही काही वर्षं चालू होता.

आपण घरी शिवण, भरतकाम शिकवतो, तेव्हा त्याला 'फावल्या वेळचा उद्योग' म्हणतात. म्हणू देत! घरातल्या अशाच एका वर्गाने कॉम्प्टनमधल्या कितीतरी जणांच्या हाताला काम दिलं.

गावात वॉट्ससाहेबांच्या चित्रांची गॅलरीही आहे. तीही जरूर पाहा. पण आधी टेकडीवर जा. सव्वाशे वर्षं ऊन, पाऊस, बर्फ झेलून तिथली नक्षी अजून उभी आहे.