भिलाईतून उत्तर ध्रुव

या महिन्याचा विषय लेकीने निवडला: बर्फातले प्राणी. ती सहा वर्षांची, घरीच शिकते. पहिलं काम पेंग्विनला बाजूला काढण्याचं. चित्रांच्या पुस्तकांत तो सर्रास पांढऱ्या अस्वलाशेजारी उभा असतो. तिला पृथ्वीगोल दिला. एकाचं घर वरच्या टोकाला, दुसऱ्याचं खालच्या बाजूला. बोट फिरवून तिनेच सांगितलं, यांची भेट होणार नाही.

*

‘उणे तीस अंश’ म्हणजे काय, हे तोंडी सांगून कळत नाही. क्वार्टरच्या फरशीवर खडूने रेघ ओढली, एका अंशाला एक सेंटिमीटर. शून्यावर बर्फ. मागे तीसवर ध्रुवाकडचा हिवाळा, पुढे पंचेचाळीसवर आपला मे. मग तिचा प्रश्न: बाबांच्या फर्नेसमधलं लोखंड कुठे? तो रस साधारण १,५०० अंशांचा. पंधरा मीटर! रेघ दारातून अंगणात, अंगणातून फाटकाबाहेर गेली. इथल्या पोलाद कारखान्यातली पहिली ब्लास्ट फर्नेस १९५९ मध्ये सोव्हिएत मदतीने सुरू झाली, आणि त्याच रशियाच्या उत्तर किनाऱ्यावर वॉलरस राहतात. भिलाईच्या मुलीला आर्क्टिकचं अंतर इथूनच मोजायला शिकवावं, असं मला ठामपणे वाटतं.

*

इथल्या मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयातला पांढरा वाघ पाहून ती म्हणाली, “हा बर्फातला ना?” नाही. त्याचा रंग आईबापांकडून आलेल्या एका दुर्मीळ जनुकाचा. रीवाच्या जंगलात १९५१ मध्ये पकडलेला मोहन नावाचा वाघ तसाच होता, आणि तिथे बर्फ कुठला! ध्रुवीय कोल्हा मात्र हिवाळ्यात पांढरा, उन्हाळ्यात तपकिरी. अस्वलाचे केस तर मुळात रंगहीन, आणि त्यांखालची कातडी काळी. तीन पांढरे प्राणी, तीन वेगळी कारणं. एवढं कळलं तरी महिना कारणी लागला.

*

प्लास्टिकच्या दोन पिशव्यांमध्ये डालडा भरून त्यात हात, आणि हात बर्फाच्या पाण्यात. दुसरा हात उघडा. उघडा हात लगेच बाहेर आला. अस्वलाच्या कातडीखाली चरबीचा थर दहा सेंटिमीटरपर्यंत जाडीचा असू शकतो, हे त्यानंतर सांगितलं.

*

घरी शिकवणाऱ्यांना कायद्याबद्दल विचारतात. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वयोगटासाठी शाळाच गृहीत धरतो. पुढे मुक्त विद्यालयातून दहावी देता येते. आत्ता इतकं पुरे.

*

आर्क्टिकमधल्या स्वालबार्ड बेटांवर न्यू-ऑलेसुंद इथे २००८ पासून भारताचं ‘हिमाद्री’ हे संशोधन केंद्र आहे. डिसेंबर २०२३ पासून आपले शास्त्रज्ञ तिथे हिवाळ्यातही राहू लागले. तेव्हा तिथे महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही. गोल कलता धरून टॉर्च मारला की हे दिसतं. ती मात्र विचारत राहिली, “मग ते झोपतात केव्हा?”

*

बर्फ का वितळतोय, हे टाळायचं नाही असं ठरवलं. अस्वल समुद्रावरच्या बर्फावरून सील पकडतं. बर्फ गेला की शिकार अवघड. आर्क्टिक जगाच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापतंय, असं २०२२ च्या एका अभ्यासात मांडलं आहे. हे तापणं कोळसा जाळण्यातूनही येतं, आणि कोळसा जळतो तो आपल्या गावातही, बाबांच्या कारखान्यातही. हे तिला सरळ सांगितलं, कुणाला दोषी न ठरवता. पोलाद लागतंच, ते कमी कोळशात करायची खटपट जगभर चालू आहे, हेही सांगितलं. भीती घालून मूल शिकत नाही, लपवूनही नाही.

*

आर्क्टिकचा खरा पाहुणा गावाबाहेरच्या तळ्याच्या चिखलात सापडला: छोटा टिलवा. चिमणीएवढा, वजन पंचवीस ग्रॅमच्या आसपास. सैबेरियाच्या उत्तरेकडच्या टुंड्रात जन्मतो आणि हिवाळा काढायला आपल्याकडे येतो. “याला अस्वलासारखी जाड चरबी नाही, मग थंडी?” तिचा प्रश्न अगदी नेमका होता. थंडी पडायच्या आत तो निघतो, बाई. तिथल्या उन्हाळ्यात दिवस मावळत नाही, किडे अमाप असतात. तेवढ्यात अंडी-पिल्लं उरकून परत. उद्या पंचवीस ग्रॅम मूगडाळ तोलून तिच्या हातावर ठेवणार आहे.