'पर्मनंटली' शिकवताना



मागच्या आठवड्यात पाचवीच्या वर्गात 'पर्मनंटली' हा शब्द आला. मला वाटलं, पाच मिनिटांत होईल. 'पर्मनंट' शब्द आपल्याकडे घरोघरी माहीत आहे. मी तीन वर्षं शिक्षणसेवक होते, तेव्हा प्रत्येक लग्नात, बारशात एकच प्रश्न असायचा, "काय गं, पर्मनंट झालीस का?" म्हणून फळ्यावर सरळ लिहून टाकलं : पर्मनंटली = कायम.

इथेच माझं चुकलं. मुलांना वाक्यं करायला सांगितली, तर एकाने लिहिलं, 'आय पर्मनंटली ईट भाकरी.' त्याला म्हणायचं होतं, मी कायम भाकरी खातो. चूक त्याची नाही, मी दिलेल्या अर्थाची होती.

मराठीत 'कायम' आणि 'कायमचं' यात फरक आहे. 'तो कायम उशिरा येतो' इथे कायम म्हणजे नेहमी. त्याला इंग्रजीत 'ऑलवेज' म्हणायचं. 'त्याने गाव कायमचं सोडलं' हे मात्र पर्मनंटली. एकदा बदल झाला आणि पुढे तसाच राहिला. याच्या उलट 'टेम्पररिली', म्हणजे तात्पुरतं.

मुलांना सांगताना या दोन गोष्टी उपयोगी पडल्या :

1. आपण कायमचा, कायमची, कायमचे असं रूप बदलतो. इंग्रजीत तो गेला, ती गेली, ते गेले, तरी 'पर्मनंटली' तसंच राहतं.
2. जागा : 'ही लेफ्ट द व्हिलेज पर्मनंटली.' इथे शेवटी. 'द शॉप इज पर्मनंटली क्लोज्ड.' इथे 'इज'च्या नंतर. मोबाइलच्या नकाशात बंद झालेल्या दुकानापुढे हेच शब्द दिसतात.

मग दातांचं उदाहरण घेतलं. दुधाचे दात 20, ते तात्पुरते. नंतर येणारे 32, ते कायमचे. सगळ्यांनी तोंडं उघडून एकमेकांचे दात मोजले. वर्ग रंगला होता.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एका मुलीने विचारलं, "बाई, आम्ही कारखान्याला जातो ते कोणतं?"

आमच्या शाळेत ऊसतोड कामगारांची बरीच मुलं आहेत. दिवाळी झाली की ट्रॅक्टरवर संसार बांधून निघतात, पाडव्याच्या आसपास परततात. मी म्हटलं, "ते टेम्पररिली. तुम्ही परत येता ना!"

ती थोडं थांबून म्हणाली, "पण ताई परत आली तरी शाळेत नाही आली."

मला लगेच काही बोलता आलं नाही. तिची ताई माझ्याच हाताखाली शिकलेली. सातवीत असताना गेली, गावात परत आली, पण अभ्यास मागे पडला म्हणून वर्गात यायला लाजली. मग घरकाम, धाकटं भावंड. शाळा सोडायचं कुणी ठरवलं नव्हतं. जाणं तात्पुरतंच होतं, सुटणं कायमचं झालं.

संध्याकाळी वह्या तपासताना त्या मुलीचं वाक्य दिसलं : 'माय सिस्टर लेफ्ट स्कूल पर्मनंटली.' स्पेलिंग बरोबर, शब्दाची जागा बरोबर. पूर्ण गुण दिले, पण वही मिटवेना.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेले. आजी म्हणाली, "ठेवते मी नातीला, पण रात्रीचा अभ्यास कोण घेणार?" तेवढं मी आणि शेजारच्या नववीतल्या मुलीने वाटून घेतलंय. वडील अजून हो म्हणाले नाहीत. ताईशीही बोलले. ती नुसती हसली. पुन्हा जाणार आहे.

दिवाळीला तीन आठवडे आहेत. आपल्या वर्गातली अशी मुलं आत्ताच मोजा. आजी-आजोबांना भेटा, हंगामी वसतिगृहाचं मुख्याध्यापकांना विचारा, आणि निघणाऱ्या मुलाच्या हाती शिक्षण हमी कार्ड आहे का ते बघा. मूल परत आलं की "कुठे होतास इतके दिवस?" असं वर्गासमोर विचारू नका. आधी बसायला जागा द्या.